कीस

सरांच्या बाटलीतलं तांबं काळं पडलं होतं.
झाकण सैल, लेबलावर कुणा जुन्या विद्यार्थ्याचं तिरकं अक्षर.
नवी बाटली म्हणजे तीन कोटेशनं, दोन सह्या,
आणि मला दिवाळीच्या आत
कड्याला कडं जोडायचं होतं.

म्हटलं, सर, तांबं आहे आमच्या घरी.

तांबट आळीत अण्णा बंब ठोकत.
आता बंब कोण घेतं? डागडुजी,
आणि हॉटेलांच्या दारातली मोठाली घंगाळं, फुलं तरंगवायला.
पायाशी कीस सांडतो, आठवड्याला मूठभर,
तो जातो भंगारात.
डबी पुढे केली तर म्हणाले,
"वजन करून ने. शास्त्राला उधारी नाही."
बारा ग्रॅम.

विरळ आम्लात धुतला. हिरवं पाणी गेलं, पुन्हा हिरवं,
मग कीस झाला गुलाबी,
नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या टाचेसारखा.

कार्बाझोल दोन वाटे, मधला सांधा एक वाटा,
त्याच्या दोन्ही टोकांना आयोडीन, जड, जागचं न हलणारं.
कार्बोनेट. नायट्रोजनचा फुगा.
आणि रात्रभर कंडेन्सरमधून गंगापूर धरणाचं पाणी,
वाफेला थंड करून मोरीत, मोरीतून नाल्यात,
नाल्यातून गोदावरीत.
मी नळ जरा बारीक केला.
पहाटे दोनला वॉचमनची शिट्टी लांब गेली.

पहिल्या खेपेला एकच बाजू जोडली गेली.
दुसरी तशीच, आयोडीनसकट.

घरी अण्णा ताट वाढून बसलेले.
"ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधीच ना गं?
मग ओढणीला सुक्या मासळीचा वास कसा?"
सांगितलं, तो द्रावकाचा. नाव जुनं आहे.
आधी सापडली ती बदामाच्या वासाची, व्हॅनिलाच्या वासाची,
पुढच्यांना नुसतं आडनाव चिकटलं.
"मग आपल्यासारखंच," म्हणाले. "म्हणायचं तांबट,
आणि काकाचा पोरगा सातपूरला स्टीलच्या कंपनीत."

मग मी ताटात आमटीने कडं काढलं:
सहा कार्बन, सहा इलेक्ट्रॉन,
कुठला कुणाचा, सांगता येत नाही,
सगळे सगळीकडे.
अण्णांनी घास थांबवला.
"माठार असाच लागतो," म्हणाले,
"घंगाळावर पहिला ठोका कुठे पडला
ते मला स्वतःलाही सापडता कामा नये."
आणि बोटाने ते कडं पुसून भाताला लावलं.

दुसरी खेप. चोवीस तासांऐवजी छत्तीस.
सिलिकाचा खांब, थेंब थेंब, अठ्ठ्याहत्तर नळ्या.
एकेचाळीस टक्के हाती आलं.
बाकीचं डांबर अजून फ्लास्कला धरून आहे,
सोडत नाही.

पांढरी पूड. मिठासारखी, काही विशेष नाही.
सांधलेली कडी एका पातळीत बसत नाहीत,
कडेच्या हायड्रोजनांचं आपसात पटत नाही,
म्हणून जराशी मान वळवून राहतात.
त्या वळणावरच रंग ठरतो, असं सर म्हणतात.

शनिवारी एक कुपी घरी आणली.
बेदमुथा सराफांकडून नोटा तपासायचा दिवा मागितला,
दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

निळा. जांभळ्याकडे झुकलेला.
ऐरणीची कड दिसली, हातोड्यांची रांग,
अण्णांची नखं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्यांनी कुपी फिरवली. "ह्यात तांबं कुठाय?"
नाही. सांधलं आणि निघालं.
गाळणकागदावर राहिलं.
"राहिलं असतं तर?"
उजेड मेला असता.

"हं."

त्यांनी दिवा बंद केला, बाहेरचा लावला.
मी कागदाची पुडी दिली, धुऊन वाळवलेली.
त्यांनी ती तराजूत टाकली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
दहा ग्रॅम, त्यावर थोडं.
खतावणी काढली, कल्हईवाल्याच्या खाली एक ओळ सोडून
माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट:
चारुता. कीस. पावणेदोन ग्रॅम येणे.